बांडगुळाचा तास

पुस्तकानं ते एका ओळीत उरकलंय:
परजीवी. दुसऱ्याच्या जिवावर जगणारं.
खाली चित्र, आणि रिकामी जागा भरा.

आमच्या शाळेमागे माकीचं झाड आहे.
जुलैत, दक्षिणेचं सगळं रान शेवाळानं जड होतं,
वर्गातल्या चुलीभोवती चोवीस ओले मोजे वाफाळतात,
तेव्हा त्या माकीवर लाल फुलतं ते बांडगूळच.
किंत्राल, म्हणतात इकडे.

मी शब्द फळ्यावर पुरता लिहिलाही नव्हता.
"म्हणजे एलिसेओसारखं, बाई!"
बाल्दोमेरोचा आवाज. मग हसू,
या बाकावरून त्या बाकावर.
एलिसेओ, त्याची आई, दोन धाकट्या बहिणी,
आत्याच्या घराची मागची खोली,
यंदा तिसरं वर्ष.
तो पेन्सिलीला टोक काढत राहिला.
टोक केव्हाच निघालं होतं.

एर्सिलिया कात्रिलेओ, शिक्षिका, एकवीस वर्षं नोकरी,
आणि तोंडात एक शब्द नाही.
म्हणून म्हटलं, बूट घाला.

बाहेर भुरभुर. माकीखाली बारा टोप्या.
पानं बघा, म्हटलं. हिरवी आहेत ना?
पाणी शेजाऱ्याचं,
पण चूल याची स्वतःची.
"तरी चोरीच," बाल्दोमेरो.
चोरीच, मी म्हटलं. मी कुठे नाही म्हणते?

तेवढ्यात हमिंगबर्ड आला,
अंगठ्याएवढा, कपाळावर ठिणगी घेऊन,
फुलामागून फूल, जणू उधारीची वही तपासतोय.
पोरं श्वास धरून.
या दिवसांत त्याला दुसरं दुकान उघडं नसतं, मी कुजबुजले.

आणि बी कोण पेरतं?
तो आत्ता झोपलाय. कुठेतरी ढोलीत,
बांबूच्या पानांचा नि शेवाळाचा गोळा करून,
हिवाळ्याची बेगमी शेपटीच्या बुडाशी.
डोंगरमाकड त्याचं नाव; माकड नाही, उंदीरही नाही,
मादीच्या पोटाला पिशवी.
घरात दिसला तर अपशकुन, म्हणायची जुनी माणसं.
उन्हाळ्यात तो रात्रीचा ही हिरवी फळं गिळतो,
त्याच्या पोटातून फिरून आल्याशिवाय
आमच्या रानात हे बी रुजत नाही.
"म्हणजे… शी?"
शी. चिकट, जपमाळेसारखी फांदीला लोंबणारी.
हसू पुन्हा फुटलं, पण वेगळ्या जागी.

एलिसेओ हसला नाही.
फांदी जिथे सुजून गाठाळली होती तिथे बोट ठेवून
म्हणाला, "यानं झाड मरतं का, बाई?"

खोटं बोलणं सोपं होतं. पाऊस होता, कुणी ऐकलं नसतं.
कधी कधी फांदी वाळते, म्हटलं.
फार झाली तर झाडही. कोरड्या वर्षी लवकर.
त्यानं मान डोलावली,
हे त्याला आधीच ठाऊक असावं.
"आणि कापून टाकलं तर?"
बाल्दोमेरो मध्येच: "माझे बाबा कापतात! सफरचंदावरचं."
कापू देत. सफरचंद त्यांचं आहे.
मग हमिंगबर्ड जाईल कुठे,
हे एलिसेओनं विचारलं नाही, मीही नाही.
आम्ही दोघंही वर बघत होतो.

दुपारी कागद वाटले: बाण काढा, कोण कुणाकडून घेतं.
बहुतेकांचे बाण झाडापाशी सुरू, फुलापाशी खलास.
एलिसेओच्या कागदावर कोपऱ्यात एक घर,
मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत एक बाण,
त्यावर लहान अक्षरात: पाव, पहाटे पाच.
त्या कोपऱ्यात मी लाल पेन नेलं नाही.

डिसेंबरात, सुट्टीच्या आदल्या आठवड्यात,
बाल्दोमेरो आला बोट उंच धरून.
बी चिकटलं होतं, शीतलं. तीनदा धुतलं, निघेना.
झाडाला पूस, म्हटलं.
"कुठल्या?"
तुझं तू बघ.

मधली सुट्टी अख्खी तो आवारात फिरला,
एकेका खोडाशी थांबत,
बोट तसंच हवेत,
जेवायचं राहिलं.